निम्मा पगार

एका परदेशी सरकारचं मी एकेकाळी इतकं वाईट चिंतलं, की ते अजून उभं आहे याचंच नवल वाटतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. यजमान ओझरच्या कारखान्यात, आम्ही तिथल्याच वसाहतीत. लेक-जावई स्वीडनला. पगाराचा तिसरा हिस्सा करात जातो, असं लेक एकदा फोनवर बोलून गेली. वसाहतीत सांगताना मी तो वाढवून निम्मा पगार केला. कराशी मला काय घेणंदेणं? ती तिघं परत यावीत, नात मांडीवर बसावी, एवढंच हवं होतं.

सुट्टीत ती तिघं आली तेव्हा मी शेजारणींना चहाला बोलावलं आणि चिवड्याची बशी पुढे करत सुरू झाले, "जावईबापू, निम्मा पगार सरकारच्या घशात! इथे कसली ददात आहे? क्वार्टर आहे, दवाखाना फुकट, शाळेला बस..."

"अहो वहिनी, आपला कारखाना तरी कोणाचा? सरकारचाच की!" एक शेजारीण हसली.

"आपल्या माणसांच्या घामाचं आहे ते," मी ठणकावलं. जणू स्वीडनच्या लोकांना घामच येत नाही!

नात पाठमोरी खेळत होती. मी हाक मारली, पुन्हा मारली. "पाहिलंत? मराठी विसरली पोर."

लेक उठली. तिने मुलीचे केस बाजूला केले. कानामागे छोटंसं यंत्र होतं.

"तिला कमी ऐकू येतं, आई. हे यंत्र तिथल्या सरकारने दिलंय. शिकवायला बाई घरी येतात, त्यांचा पगारही त्याच करातून होतो."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू वसाहतभर केलं असतंस."

खोटं कसं म्हणू? तिच्या पगाराचं मी काय केलं होतं, ते चिवडा खाणाऱ्या प्रत्येकीला पाठ होतं. सगळ्या बशीत बघत बसल्या. आणि मी शहाणी काय म्हणाले? "तरी पण, निम्मा..."

आजही आठवलं की पदर तोंडावर ओढून घ्यावासा वाटतो.

"समोर जाऊन बोल तिच्याशी," लेक एवढंच म्हणाली.

मी नातीपुढे फरशीवर बसले. 'परत या' अगदी जिभेवर होतं, ते गिळलं आणि हळूच तिला हाक मारली. तिने माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं. घरी येणाऱ्या बाईंनी तिला शब्द असे ओठांवरून ओळखायला शिकवलं होतं.