चौदा नंबरची गाडी

लॉर्ना केतुनेनचा एक नेम होता. सर्व्हर रीस्टार्ट करायच्या आधी ती त्याला जोडलेल्या गाड्यांची यादी उघडायची आणि पडद्यालाच विचारायची, "आत कोण हाय?" वीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलाला बसलो, हा नेम चुकला नाही. आमचं रस्ते खातं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या पार उत्तरेला. बर्फ ढकलणाऱ्या गाड्या कुठं आहेत ते त्या सर्व्हरवर दिसायचं. रविवारी दुपारी गाड्या उभ्या असल्या की लॉर्ना तो रीस्टार्ट करून त्याचं तुंबलेलं डोकं रिकामं करायची. अधल्यामधल्या वारी, बिघाड नेमका कुठं ते कळल्याबिगर, कधीच नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी भर दुपारी वादळ सुटलं अन् सर्व्हर अडकला. नकाशावरच्या गाड्या जागच्या जागी थिजल्या. टेस नावाची नवी ड्रायव्हर तासभर रेडिओवर बोलत नव्हती.

ड्वेनसाहेब धावत आला. "अगं, दाब की ते रीस्टार्टचं बटन! नकाशा चालू झाला तर तिची गाडी दिसंल. पोरगी गारठून मरंल!"

"दाबलं की आतलं समदं पुसलं जाईल. आधी बघू दे, कुणी तुंबवलंय."

यादीत एकच गाडी पुन्हा पुन्हा आपली जागा कळवत होती. चौदा नंबर.

ड्वेनच्या तोंडचं पाणी पळालं. चौदा नंबर भंगारात गेली त्याला वर्ष झालं होतं. तिचा ड्रायव्हर अर्विड त्याच थंडीत वारला. गाडीतलं जागा कळवणारं यंत्र लॉर्नाच्याच खणात होतं. तिनं खण उघडला. यंत्र तिथंच, बॅटरी काढलेलं. हात लावला तर बर्फागत गार.

"जुना कचरा हाय. दाब," ड्वेन पुटपुटला.

"कचरा हाय तर आजच का आला?"

चौदा नंबर कळवत होती ती जागा तळ्याकाठच्या अवघड वळणाची; लॉर्नानं ती रेडिओवरून शोधपथकाला सांगितली.

"सांगितलंस न्हवं? आता तरी दाब!"

"जागा सरकली म्हंजे?"

नकाशा बंद म्हणून रेडिओवर बाकीच्या ड्रायव्हरांच्या शिव्या खात ती बसून राहिली. अन् जागा सरकली. शंभर पावलं, तळ्याकडं. तिनं तेही कळवलं.

टेसची गाडी वळणावर उलटलेली सापडली, रिकामी. पोरगी शंभर पावलांवर, पातळ बर्फाच्या कडेला. जिवंत.

मग लॉर्नानं बटन दाबलं. एकेक गाडी नकाशावर परतली. चौदा आली नाही.

पुढच्या रविवारी तिनं नेमानं विचारलं, "आत कोण हाय?"

पूर्वी ती विचारून लगेच दाबायची. आता जरा थांबली.