काढून टाकलेला दांडा

चूक माझी होती, आणि ती मी दुसऱ्याच्या माथी मारली.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पट्ट्यांनी बांधलेला पाय घरच्या घरी हळूहळू वाकवणारं एक यंत्र मी यवतमाळला माझ्या वर्कशॉपमध्ये बनवलं होतं. वीज गेली की त्याची मोटर आहे तिथेच अडकायची, म्हणून पहिल्या नमुन्यात अडकलेला पाय हातानं सोडवायला एक लोखंडी दांडा होता. तो मी काढून टाकला. यंत्र हलकं व्हावं, पिशवीत घालून मोटरसायकलवर नेता यावं, एवढ्यासाठी. माझ्या वर्कशॉपला इन्व्हर्टर आहे. तिथे ते कधी अडकलंच नाही.

दारव्ह्याच्या पुढच्या एका खेड्यात एका मावशींना ते वापरून बघायला दिलं. चौथ्या दिवशी सकाळी सहज फोन केला. सुनेनं उचलला.

"मी वावरात आली भाऊ, कापूस वेचाले. सासूबाईले मशीनवर बसवलं न् आली. पण लाइन तं मघाच गेली म्हणतेत."

"धावत घरी जा, पट्टे सोडा," एवढंच बोलता आलं. मी गाडी काढली. रस्ताभर डोळ्यांसमोर वाकून अडकलेला गुडघा, ताणलेले टाके, निळा पडत चाललेला पाय. एका फाट्यावर कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मी थांबलो. फोन लावला. कोणी उचलला नाही.

पोचलो तेव्हा पट्टे सुटले होते. मावशी बाजेवर पडून होत्या. गुडघा टम्म सुजलेला, पाऊल गार.

"मावशी, अंगठा हलवा."

अंगठा हळूच हलला.

"ओरडल्या का नाही?"

"कायले ओरडू? तूच म्हणे ना, दुखलं तरी दम धराचा."

"पण हे अडकलं काहून?" सुनेनं विचारलं. ती अजून धापा टाकत होती.

"पट्टा जास्त आवळला गेला असेल," मी म्हणालो.

पट्टे तिनंच बांधले होते. मावशी तिच्याकडे वळल्या. "बैल बांधून राह्यली होती का वं?" ती मान खाली घालून उभी राहिली. आणि मला चक्क हायसं वाटलं. तेच आजही आठवू नये असं वाटतं.

टाके शाबूत निघाले. तरी पुढचे कितीतरी दिवस फोन वाजला की उचलायची भीती वाटायची. मी दांडा पुन्हा जोडला, पिशवी जड झाली, आणि परत गेलो. यंत्र कोपऱ्यात, वर ओढणी टाकलेली. मावशींचा गुडघा ताठ होत चालला होता.

"हिच्या हातानं नको," त्या म्हणाल्या.

"मीच हात नाही लावत," सून म्हणाली. "पुन्हा काई झालं तं?"

माझी भीती मी तिला देऊन गेलो होतो. आणि त्यात तो गुडघा कायमचा आखडणार होता. मी यंत्र बाहेर काढलं, नवा दांडा दोघींना दाखवला.

"ताई, तुमचा पट्टा बरोबर होता. हा दांडा आधी होता, मी काढून टाकला, म्हणून पाय अडकला. त्या दिवशी मी घाबरलो आणि तुमच्यावर ढकललं. मावशी, यांचा काहीच दोष नव्हता. चुकलो मी. मला माफ करा."