झेंडूच्या हाराखाली

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टरांकडे गेले, तर काउंटरवरच्या सुनीताताई कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालत होत्या. हाराखाली, स्क्रीनच्या कडेला, पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली. तेवढ्यात ‘अपडेट करा’ अशी सूचना आली. त्यांनी ‘नंतर’ दाबलं आणि हात जोडले.

“अहो, करून टाका की!”

“रोजच येतं हो ते. वर्षभर मी ‘नंतर’च करते.”

माझं डोकंच फिरलं. नवऱ्यालाही न सांगितलेली बायकांची दुखणी याच यंत्रात आहेत. इंटरनेटवरच्या चोरांना दार सताड उघडं ठेवायचं, आणि उंबरठ्याची मात्र पूजा करायची!

तणतणत घरी आले. पूजेसाठी माझा लॅपटॉप उघडला, तर त्यावरही तीच सूचना. श्रीखंड व्हायचं होतं. मी चिडूनच ‘नंतर’ दाबलं.