पुढचा टायर आणि आप्पांचा अंगठा

आप्पा आधी टायर बघत, माणसाचं तोंड नंतर. गाडी दुकानापुढे उभी राहिली की ते उकिडवे बसत, डोळे मिटत आणि उजव्या हाताचा अंगठा टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवत. मग कोण आलंय ते पाहत. आमच्या शेजारच्या प्राध्यापकांना त्यांनी असंच मान खाली ठेवून विचारलं होतं, "सर, गाडी रोज एकाच पायरीला घासून लावता का?" सर चाचरत म्हणाले, "सोसायटीची पायरी आहे, जागाच तेवढी आहे." तेव्हा कुठे आप्पांनी मान वर केली आणि रामराम घातला.

पेठ नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. एक कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना तारेनं लटकवलेले टायरचे तळहाताएवढे तुकडे. आप्पा मूळचे सटाण्याकडचे. तीस वर्षं नाशकात काढली तरी बोलण्याच्या भरात 'आहे'चं 'शे' व्हायचंच.

आमची ओळख माझ्या नोकरीमुळे झाली. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. त्यांचं हवा मोजायचं गेज तपासलं तर ते एक पौंड जास्त दाखवत होतं. तसं सांगितल्यावर आप्पा शांतपणे म्हणाले, "ठाऊक शे ना साहेब. मी मनात एक वजा करतो."

"आप्पा, मनातली वजाबाकी आमच्या खात्यात चालत नाही."

"मग खातं बदला," ते म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा नवीन गेज आणलेलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडेच हवा भरू लागलो. हवा भरण्यापूर्वी त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "एकटे की दोघं?" उत्तराप्रमाणे मागच्या चाकात हवा कमी-जास्त होई. उत्तर दिल्याशिवाय नळी हातात घेत नसत.

माझी मोटरसायकल साडेतीनशे सीसीची, १९९३ साली घेतलेली. नोकरीनिमित्त पेठ आणि हरसूलच्या आठवडे बाजारात तिच्यावरूनच जायचो, आणि दिवाळीच्या सुट्टीत शैलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, मागे बसवून लांबचे दौरे काढायचो. महाबळेश्वर, दापोली, मांडू, सगळं याच गाडीवरून झालं. प्रत्येक फेरीची नोंद मी डायरीत ठेवत असे. गाडीचं अ‍ॅव्हरेज पस्तीस सांगितलेलं होतं, मी अडतीस काढत होतो, आणि याचा मला वाजवीपेक्षा थोडा जास्त अभिमान होता. मागचा पहिला टायर सोळा हजार किलोमीटर चालला. पुढचा खरं तर त्याहून जास्त चालायला हवा. पण पहिला नऊ हजार शंभरावर गेला आणि दुसरा आठ हजार सातशेवर. सगळी गाडी नियमानं वागत होती, फक्त पुढचा टायर वागत नव्हता.

१९९८च्या दिवाळीत आम्ही मालवणला जायचं ठरवलं होतं. त्याआधी पंधरा दिवस मी तो गुळगुळीत झालेला दुसरा टायर घेऊन आप्पांकडे गेलो आणि नवीन मागितला.

आप्पांनी अंगठा फिरवला, पुढे आणि मागे. मग पुन्हा मागे. "नाही देणार," ते म्हणाले.

"म्हणजे? तिथे चार नवे लटकलेत की."

"लटकू द्या. मयताचं कारण कळल्याशिवाय मी बारसं करत नाही."

मी डायरी उघडून आकडे वाचायला लागलो. त्यांनी हात आडवा केला. "वही खिशात ठेवा. साहेब, इथं अंगठा लावा. असा पुढे न्या. काय लागतं?"

"काही नाही. गुळगुळीत."

"आता उलटा आणा."

उलटा आणताना ग्रिपची प्रत्येक कड अंगठ्याला अडत होती. मी म्हटलं, "करवतीसारखं लागतंय."

"करवतच शे ती. आता ती कोण चालवतं ते शोधायचं."

पुढचे आठ दिवस शोध चालला. हँडल ज्यावर वळतं ती कोनसेट उघडून पाहिली, ती ठीक. बेअरिंग ठीक. चाक उलटं टांगून फिरवून पाहिलं, रिम सरळ. हवा तर नेहमी त्यांनीच भरलेली. शेवटी मी टायरच्या कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, सोबत तक्ता जोडला आणि टाकण्यापूर्वी आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"पत्र झकास शे," ते म्हणाले. "पण साहेब, पहिला टायर एका कंपनीचा, दुसरा दुसरीचा. दोघं एकाच रोगानं मेले. मग रोग कुठं शे?"

पत्र मी टाकलं नाही. घरी शैलाला ही हकीकत सांगितली, कारण हकीकत मजेदार होती. तिला ती तेवढी मजेदार वाटली नाही. "म्हणजे पुढचं चाक का झिजतं हे तुला माहीत नाही आणि आप्पांनाही माहीत नाही," ती म्हणाली. "मग ते कळेपर्यंत मी मागे बसणार नाही. मालवणला एसटी जाते." शैला चिडून बोलली असती तर समजूत काढता आली असती. ती भाजी निवडत बोलली होती.

मी आप्पांना सांगितलं, दौरा बोंबलला. त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "रविवारी मला मागे बसवा. जसं वहिनींना नेता तसंच न्यायचं. माझ्यासाठी काही बदलायचं नाही."

रविवारी सकाळी आप्पा टोपी खिशात घालून मागे बसले. त्या दिवसापुरता त्यांनी एक जुना, पण ग्रिप शाबूत असलेला टायर चढवला होता. पेठच्या रस्त्याला लागलो. चढ संपून घाटाचा उतार सुरू झाला तसा मी नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि इंजिन बंद केलं.

आवाज थांबला. वारा आणि खाली कुठेतरी पाखरं, एवढंच उरलं. वळण आलं की मी हाताचा, म्हणजे पुढच्या चाकाचा, ब्रेक दाबत होतो. पायाचा, मागच्या चाकाचा, मी क्वचितच वापरायचो, कारण एकदा ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरून पडलो होतो. उतार संपेपर्यंत आप्पांचा हात माझ्या खांद्यावर जड होत गेला.

खाली मी गाडी उभी केली. आप्पा उतरले, पाण्याची बाटली काढली आणि पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या ड्रमवर थोडं पाणी ओतलं. चुर्र झालं आणि वाफ वर आली.

"किती वर्षं करताय हे?"

"गाडी घेतल्यापासून. लिटरमागे तीन किलोमीटर जास्त पडतात, आप्पा."

"हं. दोन माणसं, पिशव्या, जड गाडी, आणि सगळं धरून ठेवलंय एवढ्याशा पुढच्या चाकानं. इंजिन बसलंय हात बांधून." त्यांनी आपला अंगठा टायरवर टेकवला. "हा झिजून सांगत होता साहेब. दोनदा सांगितलं त्यानं. तापलेला ब्रेक एखाद्या वळणावर धरला नसता, तर त्यानं तिसऱ्यांदा काय सांगितलं असतं?"

समोरच्या वळणाला कठडा नव्हता. अशा किती वळणांवरून मी शैलाला खाली आणलं होतं, ते डायरीत लिहिलेलं होतंच.

"वहिनींना ठाऊक शे, इंजिन बंद असतं ते?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "पण मी ते पाखरं ऐकू यावीत म्हणून बंद करतो, असं तिला वाटतं."

"आणि हे तिला कोणी सांगितलं?"

"मीच."

आप्पा इतके हसले की त्यांना रस्त्याकडेच्या दगडावर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "टायर मी आज बसवून देतो. बाकीचं तुम्ही घरी जाऊन बसवा."

येताना दुसऱ्या बाजूचा उतार त्यांनी मला दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरत उतरायला लावला. गाडी कुरकुरत, पण आपलं वजन आपण धरत उतरली. घरी मी शैलाला सगळं सांगितलं, पाखरांसकट. "पाच वर्षं," ती म्हणाली. "मी दरवेळी मैत्रिणींना सांगायचे, आमच्या यांना पाखरांची फार आवड." मालवणला ती मागे बसून आली, पण अट घालून. प्रत्येक घाटात एकदा गाडी बाजूला लावून पाच मिनिटं खरोखरची पाखरं ऐकायची. तो नियम अजून चालू आहे. गाडीचं अ‍ॅव्हरेज पस्तीसवर आलं.

तो टायर एकोणीस हजार आठशे चालला. उतरवला तेव्हा आप्पांनी डोळे मिटून अंगठा दोन्ही बाजूंनी फिरवला आणि म्हणाले, "हा म्हातारपणानं गेला." त्याचा तुकडा त्यांनी कापला नाही. तेव्हा मला भिंतीवरच्या तुकड्यांचा उलगडा झाला. ज्याचं कारण शोधावं लागलं त्याचाच तुकडा भिंतीवर जात असे. माझ्या आठ हजार सातशेवाल्याचा तिथे केव्हाच लागला होता.

२००६ साली रस्ता रुंद करताना दुकान गेलं. आप्पा सटाण्याकडे, गावी मुलाकडे जाणार होते. निरोपाला आम्ही दोघं गेलो. ते भिंतीवरचे तुकडे काढून ज्याचे त्याला देत होते. कोणाचा कुठला ते एकदाही चुकले नाहीत. माझा तुकडा निघाला तसा मी हात पुढे केला. आप्पांनी तो शैलाच्या हातात दिला.

"तुमच्याकडे राहू द्या वहिनी. साहेबांचा भरवसा आकड्यांवर शे. आकडा बरोबर असला की हे बाकीचं बघत नाहीत."

तीन वर्षांनी आप्पा गेल्याचं त्यांच्या मुलानं कळवलं. मी गाडीनंच गेलो, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये.

तो तुकडा आमच्या स्वयंपाकघरात, हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली असतो. पण मी दौऱ्यावर निघण्यासाठी गाडीची किल्ली घेतली की शैला तो काढते, माझ्यासमोर धरते आणि त्याच्यावरून एकदा अंगठा उलटा फिरवते. मग मला विचारते, "एकटा की दोघं?"