पश्चिमेच्या कुंपणाशी हंबरणारी गाय

ओर्व्हा सेडलाचेकचा कुणावर भरवसा नाही, असं टॅलमन काउंटीत सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांचा तरी एकमेकांवर कुठे होता? नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत नजर पोचेल तिथवर गवत, मधूनमधून खारट पाण्याची तळी, आणि अख्ख्या काउंटीत माणसं मोजून पाचेकशे. एका घरातून दुसऱ्या घराचा धूर दिसत नाही. टेकडीमागे गाडीची धूळ उठली की लोक हातातलं काम टाकून खिडकीशी जातात. गाडी कुणाची, एवढ्या सकाळी निघाली कुठे, मागे ताडपत्रीखाली काय झाकलंय, यावर संध्याकाळपर्यंत तर्क चालतात.

ओर्व्हाच्या अंगात हा संशय लहानपणीच भिनला होता. सरकारनं फुकट जमीन वाटली तेव्हा तिचा बाप युरोपातल्या बोहेमियाहून तिथं आला. तेव्हा दर खोऱ्यात एक कुटुंब होतं. लोकांनी गवत नांगरलं, खालची वाळू सुटली, वारा तिला घेऊन गेला आणि दोन-चार वर्षांत निम्मे लोक गाड्या भरून परत गेले. मागे राहिलेल्यांनी त्यांच्या जमिनी पडेल त्या भावात घेतल्या. मग पहिलं महायुद्ध आलं. तळ्यांच्या खारातून खताला लागणारं पोटॅश निघू लागलं, माळावर रातोरात गाव उभं राहिलं, नाचघरसुद्धा झालं. युद्ध संपलं तसं तेही ओस पडलं. आता तिथं सिमेंटचे खांब तेवढे उभे आहेत आणि त्यांच्या सावलीला गुरं बसतात. अशा मुलखात "ही जमीन आधी कुणाची होती हो?" असं कुणी विचारलं, की ऐकणाऱ्याची पाठ ताठ होते.

ओर्व्हाचा विश्वास होता तो एका माणसावर. हॉलिस क्रॅबट्री, तिचा पश्चिमेचा शेजारी. तिचा नवरा बोहुमिल गवताची गंजी रचताना यंत्राखाली सापडून गेला. त्या हिवाळ्यात हॉलिस बर्फातून घोडे जुंपून रोज यायचा आणि तिच्या गुरांना गवत टाकायचा. आभार मानले की म्हणायचा, "गप गं. तुझी गुरं उपाशी ओरडली तर मला झोप येते का?"

छप्पन सालच्या वसंतात थेरॉन एमिक नावाचा माणूस काउंटीत आला. हिरवा ट्रक, मागे ताडपत्री, चाळिशीचं वय, बोलणं अगदी बेताचं. मॅसी गावातल्या दुकानात त्यानं कॉफीसुद्धा घेतली नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "पोटॅशच्या तळ्याच्या दक्षिणेची जमीन आता कुणाकडे आहे?"

दुकानातले सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले. ती जमीन ओर्व्हाची होती, आणि ओर्व्हा तिथंच पिठाच्या पोत्याशी उभी होती.

"का? घ्यायचीय?" तिनं विचारलं.

"नाही बाई. थोडं बघायचंय."

"गवत आहे. इथूनही दिसतं."

तो ओशाळून हसला आणि निघून गेला. सरकारी रस्त्याकडेला, ओसाड शाळेजवळ, त्यानं तंबू ठोकला.

आठवड्याभरात ओर्व्हाला दक्षिणेच्या कुरणात खड्डे दिसले. फावड्यानं खणलेले, पुन्हा नीट बुजवलेले. त्याच सुमाराला तिची दोन वासरं नाहीशी झाली. मालकाच्या खुणेचा डाग अजून न दिलेली, कोवळी वासरं. डाग नसलेलं वासरू ज्याच्या कुंपणात, त्याचं. तांबडं अंग आणि पांढरं तोंड सगळ्यांचंच सारखं.

ती घोड्यावरून तडक तंबूकडे गेली. एमिक चुलाणावर घेवडा शिजवत होता.

"माझ्या कुरणात काय पुरताय?"

"पुरत नाही. शोधतोय." त्यानं टोपी काढली. "आमची जमीन होती इथं, बाई. मी तेव्हा पाळण्यात होतो. धाकटी बहीण झाली आणि इथंच गेली. आई म्हणते, खळग्यात रानआलुबुखाराची झुडपं होती, त्यांच्या खाली ठेवलीय. आईला आता प्रवास झेपत नाही. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. दुकानात सगळे असे बघायला लागले की धीरच झाला नाही."

ओर्व्हा त्याच्या हातांकडे बघत होती. नखांत वाळू होती. बाकी तिला काही कळलं नाही.

"आणि वासरं?"

"कसली वासरं?"

परत येताना ती हॉलिसकडे थांबली. त्याची बायको लीथा नेहमी दारात येऊन बोलायची. आज ती आतच भांडी घासत राहिली. हॉलिसनं सगळं ऐकलं आणि तो मातीत थुंकला.

"थडगं म्हणे! अगं, कातडी पुरतोय तो. वासरू कापायचं, मांस रेल्वेच्या गावात विकायचं, कातडं वाळूत. आणि थडग्याचं निमित्त करून उद्या जमिनीवर हक्क सांगायला मोकळा."

ओर्व्हाला पटलं. तिला पटायचंच होतं.

पुढे जे झालं त्यात तिनं हात लावला नाही, पण ती तिथं होती. हॉलिस आणि आणखी तिघे ट्रकनं शाळेजवळ गेले. ओर्व्हा ट्रकमध्येच बसून राहिली. त्यांनी तंबूच्या दोऱ्या कापल्या, भांडी पायानं उडवली, फावड्याचा दांडा मोडला. सामान गोळा करून आपल्या ट्रकमध्ये टाकताना एमिकनं एकदा काचेतून ओर्व्हाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघू लागली. शेरीफ वॉर्ड टनीच्या कानावर हे गेलं तेव्हा तो म्हणाला, "कुणी तक्रार केलीय का? मग मला काय सांगता?"

एमिक गेला. आता वासरं नाहीशी होणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं. आणि हॉलिसकडची डागणी चार दिवसांवर आली असताना ओर्व्हाचं तिसरं वासरू गेलं.

या वेळी गाय गप्प बसली नाही. वासराला शेवटचं जिथं पाजलं तिथंच गाय परत येते. ही येऊन उभी राहिली ती पश्चिमेच्या कुंपणाशी. दिवसभर तिथंच, तारेवरून तोंड काढून हंबरत होती. कास तटतटलेली, सडांतून दूध ठिबकत होतं. ओर्व्हानं तिला दोनदा हाकलून आणलं. दोनदा ती तिथंच परत गेली.

ओर्व्हा घोड्यावरून उतरली आणि कुंपण चाचपत चालू लागली. सगळे खांब जुने, खिळे गंजून काळे पडलेले. एका खांबावरचे खिळे मात्र नवे, चकचकीत होते. तार काढून परत ठोकलेली. पलीकडे हॉलिसची पवनचक्की कुरकुरत फिरत होती.

बहुधा त्यानं कुंपण दुरुस्त केलं असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. मग मला बोलला का नाही? शेजारचं कुंपण दुरुस्त केलं की माणूस बोलून दाखवतो, त्याबद्दल एक वेळचं जेवण मागतो. आणि लीथा त्या दिवशी बाहेर का नाही आली?

घरी येऊन तिनं गायीचे पाय बांधले आणि लाथा चुकवत थोडं दूध काढलं, कास सुजू नये म्हणून. सगळं काढलं नाही. पान्हा टिकायला हवा होता. कुणाला विचारावं असं माणूस तिच्याजवळ नव्हतं. तिला जे माहीत होतं ते एवढंच: पश्चिमेला हॉलिसखेरीज दुसरं घर नाही. उद्या बर्फात ट्रक अडकला, पाय मोडला, घर पेटलं, तर येणार तोच. आरोप खोटा ठरला तर तो येणार नाही. खरा ठरला तरी येणार नाही.

डागणीच्या दिवशी सगळा आसमंत हॉलिसच्या कुंपणात जमला होता. वासरं आयांपासून तोडून एका वाड्यात घातलेली, जाळावर डागण्या तापलेल्या, धूळ आणि करपलेल्या केसांचा वास. शेरीफ टनी स्वतः घोड्यावरून फास टाकत होता. ओर्व्हानं ट्रक मागे घेत घेत थेट वासरांच्या वाड्याच्या फाटकाला लावला.

"हे काय आणलंस?" हॉलिस हसत पुढे आला. "जेवायला पाहुणी घेऊन आलीस होय?"

"गाय आहे. तुझी वासरं बघायचीत म्हणाली."

माणसं हसली. हॉलिसचं हसू मात्र तोंडावर तसंच राहून गेलं. "ओर्व्हा, कामाच्या दिवशी थट्टा नको."

तिनं ट्रकची मागची फळी खाली सोडली.

गाय उतरली, एकदा हुंगली, आणि वाड्यात घुसून हंबरली. तसं लहान हंबरणं गाय दुसऱ्या कुणासाठी करत नाही. शे-दीडशे वासरांच्या गर्दीतून एक वासरू मान वर करून धावत आलं. त्याच्या पाठीवर दुसऱ्याच मेलेल्या वासराचं कातडं दोरीनं बांधलेलं होतं. वासरू मेलेल्या गायीनं वासावरून परकं वासरू आपलं समजून पाजावं म्हणून तसं बांधतात. कातडं लोंबत असतानाच ते कासेला लागलं आणि ढुशा देत पिऊ लागलं. गायीनं पान्हा सोडला. फेस त्याच्या तोंडावरून वाळूत गळत होता.

डागण्या जाळात तशाच पडल्या होत्या.

"माझी हगवणीनं मेली," अखेर हॉलिस म्हणाला. आवाज मोठा करायला गेला, पण तो चिरकला. "एकामागून एक. तुझ्याकडे होती ना भरपूर? आणि त्या हिवाळ्यात तुझी गुरं कुणी जगवली? सांग ना सगळ्यांना!"

"तू जगवलीस," ओर्व्हा म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर तुझ्याकडे आले."

टनी घोड्यावरून उतरला. "ओर्व्हा, तक्रार करायचीय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिला कळत होतं की निम्म्यांना हॉलिसचा राग आलाय आणि निम्म्यांना तिचा. घरात मिटवायची गोष्ट तिनं चव्हाट्यावर आणली म्हणून.

"माझी तीन वासरं नेणार. तक्रार नाही. पण त्या एमिकचा तंबू आपण मोडला. वासरं त्यानं नेली नव्हती. हे इथं सगळ्यांसमोर बोलून ठेवते."

"तो कशावरून साव होता?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

त्या दिवशीची डागणी पुरी झाली. काम अर्धं टाकून जायची रीत नव्हती. ओर्व्हानंही वासरांचे पाय धरले. दुपारी लीथानं सगळ्यांना वाढलं, मांस, घेवडा, पाव. ओर्व्हापुढे ताट ठेवताना तिच्याकडून रस्सा टेबलावर सांडला. "मला ठाऊक होतं गं," ती इतकंच म्हणाली. ओर्व्हानं सांडलेलं पुसलं आणि जेवली.

हॉलिस पुढे वीस वर्षं तिचा शेजारी होता. वणवा लागला तेव्हा तो आला. त्याला झटका आला तेव्हा तिनं त्याला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पण तो गवत टाकून गेला की ती दारात उभी राहून त्याची गाडी टेकडीमागे जाईपर्यंत बघत असे. त्यालाही ते ठाऊक होतं. तो कधी मागे वळून हात करत नसे.

एमिकला शोधायला तिला उन्हाळा लागला. शेवटी टेलिफोनवाल्या बाईनं रेल्वेच्या गावातल्या एका पेट्रोलपंपावर तो असल्याचं सांगितलं. ओर्व्हानं फोन केला.

"या आणि शोधा. फाटक उघडं ठेवते," ती म्हणाली.

"आणि तिथं या वेळी कोण कोण असेल?"

"मी."

"मागच्या वेळीही तुम्ही होतातच."

तिनं फाटक कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं आणि फोन ठेवला.

तो पानगळीत आला. आईला घेऊन आला. म्हातारी गाडीत पांघरुणात गुंडाळलेली. ओर्व्हानं कॉफी पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. गाडीचं इंजिनही त्यानं बंद केलं नाही. कुरणात तो पुढे चालायचा, दर थोड्या वेळानं वळून ओर्व्हाचे हात कुठे आहेत ते बघायचा. आपल्याकडे कुणी असं बघितलं की माणसाला कसं वाटतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

झुडपं कधीच मरून गेली होती. पण म्हातारीनं गाडीच्या खिडकीतून खळगा ओळखला. "तिकडे नको रे. ती टेकडी मागे घे. हं, आता खाली." तिथं गवताखाली तळ्यातले पांढरे दगड एका ओळीत निघाले. एमिकनं आईला उचलून तिथं नेलं. ती वाळूवर बसली, "एल्सी" म्हणाली आणि गवत कुरवाळत राहिली. ओर्व्हा लांब उभी राहिली.

एमिकनं आईला गाडीत बसवलं आणि दार लावलं. म्हातारीनं मात्र काच खाली करून विचारलं, "इथं नांगर चालणार नाही ना?"

"नाही."

"गुरं?"

"गुरं येतात."

पुढच्या आठवड्यात तिनं चार खांब रोवून त्या जागेला तार घातली. येणारे-जाणारे विचारायचे, हे काय केलंस? ती सांगायची. कुणी ऐकून टोपी काढायचं. पण मॅसीच्या दुकानात अजूनही लोक मान हलवतात आणि म्हणतात, बघाच, एमिकचा कुणी नातू एक ना एक दिवस तिथं जमीन मागायला येईल.