लेकाच्या नावानं आलेली मेल

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात चोरी नव्हती, मारामारी नव्हती, आणि शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना वरिष्ठांनी मला सोलापुरात सायबर पोलीस ठाण्यात आणून बसवलं. माझा जन्म पंचनामे हाताने लिहिण्यात गेलेला. ठाण्यातली एक महिला हवालदार मला रोज थोडं शिकवायची आणि मी रोज तेवढंच विसरायचो.

एका मंगळवारी वैरागकडचे सत्तरीतले एक गृहस्थ आले. पायाला पट्टी, आणि कानाने जवळजवळ ठार बहिरे. त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुलगा आखातात क्रेन चालवतो. फोनवर बापाला ऐकू येत नाही, म्हणून तो मेल पाठवायचा. म्हातारबा दर सोमवारी पायाच्या ड्रेसिंगला सोलापूरच्या दवाखान्यात येत आणि जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ती मेल छापून घेत. मेलचं खातंही दुकानवाल्या बाईंनीच उघडून दिलं होतं.

तक्रार काय, ते मी कागदावर लिहून विचारलं.

"सायेब, ह्यो माझा पोरगा न्हाय," ते म्हणाले. "त्यो तीन वळीच्या वर कदी लिवत न्हाय. मी बरा हाय, ऊन लई हाय, काळजी करू नका. संपलं. आन आता बगा की. जेवलात का, जखम भरली का, एकटं वाटतं का. एवढं ग्वाड त्यो जन्मात बोलला न्हाय. त्याचं कायतरी बरंवाईट झालंय, आन दुसरंच कुनीतरी लिवतंय."

मला हसू येत होतं, पण ते जुने आणि नवे कागद शेजारी शेजारी मांडून मला दाखवत होते. सात महिन्यांपूर्वी त्यांची बायको वारली होती. पुतण्याने फोन करून मुलाला कळवलं, पण त्याला रजा मिळाली नाही. पुढे त्याचा फोन बंद झाला, मेलही बंद झाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाल्या त्या या गोड मेल. मुलगा जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

छापील कागदांचा उपयोग नव्हता. म्हातारबांच्या नजरेसाठी बाई मजकूर उचलून मोठ्या अक्षरांत छापायच्या, त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ताच कागदावर येत नसे. मी दुकानात फोन करून त्या सगळ्या मेल ठाण्याच्या पत्त्यावर पुढे पाठवायला सांगितल्या. आल्या, आणि हवालदारीणबाईंनी कपाळावर हात मारला. पुढे पाठवलेली मेल म्हणजे जुनं पत्र नव्या पाकिटात घालणं. पाकिटावर शिक्का पडणार तो दुकानाचाच.

मग म्हातारबांना शेजारी बसवून त्यांचं खातं ठाण्यातच उघडलं. प्रत्येक मेलच्या मागे एक लांबलचक मजकूर असतो, त्याला हेडर म्हणतात. मेल कोणत्या पत्त्यावरून निघाली, किती वाजता, कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे, कोणत्या वाटेने आली, हे सगळं त्यात असतं. वाचायचा प्रसंग सहसा कुणावर येत नाही. आम्ही दोघांनी फूटपट्टी लावून ओळ न् ओळ वाचली.

जुन्या मेल मुलाच्या कंपनीच्या पत्त्यावरून निघालेल्या होत्या, घड्याळ आखाताचं. नव्या मेलवर नाव मुलाचंच, पण पत्ता वेगळा, पाचच महिन्यांपासून दिसणारा. घड्याळ आपलं, भारताचं. आणि प्रत्येक मेल सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराची. म्हातारबा दुकानात पोचायचे अकराला.

कंपनीचा पत्ता हाती लागल्याबरोबर तिथल्या कार्यालयाला आम्ही मेल केली. इकडे दुकानवाल्या बाईंची चौकशी बाकी होती. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून हवालदारीणबाईंना घेऊन मीच गेलो. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. बाई विणकर घरातल्या, पन्नाशीच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मी हेडरचा कागद समोर ठेवला आणि ठेवणीतला आवाज काढून दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवायला कायद्यात काय शिक्षा आहे ते सांगितलं. त्या नाकबूल झाल्या नाहीत.

"दोन महिने दर सोमवारी मी त्यांना मेल न्हाय म्हणून सांगितलं, साहेब," त्या म्हणाल्या. "हितंच बसायचे ते. न्हाय म्हटलं की बरं म्हणायचे आणि तरी तासभर बसायचे. मग एका सोमवारी माझ्या तोंडातून न्हाय निघालंच न्हाय. लोकांची पत्रं मी वाचत न्हाय, मला काय ठाऊक, पोरगा गोड बोलत नसतो म्हणून?"

हवालदारीणबाई खिडकीकडे बघायला लागल्या. जबाबाचा कागद माझ्या हातात होता, पण पेन उघडायला माझं मन होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात परदेशातून फोन आला. मुलगाच होता. कंपनीने त्याला वाळवंटातल्या कामावर हलवलं होतं, जुना नंबर तिथे लागत नव्हता. कार्यालयात जाऊन मेल करणं जमलं असतं की नाही, असं मी जरा दरडावूनच विचारलं.

"आईच्या मातीला मी न्हवतो, सायेब," तो म्हणाला. "आबांना काय तोंडानं लिवू?"

म्हातारबांना मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: मुलगा जिवंत आहे, बरा आहे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि उपरण्यात तोंड घालून रडले. मग बाईंचंही सगळं लिहून सांगितलं आणि तक्रार द्यायची का विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मलाच घेऊन दुकानात गेले. मला वाटलं, बोलतील चार शब्द. ते खुर्ची ओढून बसले आणि बाईंना म्हणाले, "लिवा बाई. आता माज्या नावानं लिवा."

ते सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. "तुज्या आईचं समदं नीट झालं. तू न्हवतास, पर तुज्या नावानं मी पानी सोडलं. म्हंजी तू हुतासच. आता लिवत जा."

बाईंची बोटं थांबली होती. मी बाहेर येऊन उगाच गाडीचा आरसा पुसत राहिलो.

स्टेशन डायरीत नोंद केली: मुलाचा ठावठिकाणा लागला, अर्जदाराची तक्रार नाही. कोणी, कुठून, किती वाजता, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि तेवढं कळलं की प्रकरण संपलं असं मी समजत आलो. इथे हे तिन्ही कळल्यावर मी एका भल्या बाईवर कलम लावायला निघालो होतो. त्यानंतर उरलेल्या नोकरीत कलम लिहिण्याआधी मी समोरच्याला एकदा तरी "का?" असं विचारत गेलो.

त्या संध्याकाळी घरी जाऊन पुण्यातल्या माझ्या मुलाला फोन लावला. काय काम होतं, म्हणून त्याने विचारलं. काही नाही, असाच केला, असं मी म्हणालो.

तो घाबरून म्हणाला, "पप्पा, खरं सांगा, काय झालंय?"