मागणीच्या आधी आलेली मंजुरी
कपाट आवरताना बटणाएवढा एक मेलेला सेल सापडला, आणि डिझेल नि ओल्या धुळीचा वास आल्यासारखं झालं. तो वास आमच्या दूध संघाच्या टँकरचा. दुष्काळाचं साल होतं. जनावरांच्या छावणीसाठी पाण्याची मागणी वडवणीच्या संगणकात नोंदवायची, मंजुरी माजलगावच्या संगणकात, आणि मंजुरीची वेळ मागणीनंतरची असली की टँकरची पावती निघायची. प्रोग्राम मी लिहिलेला, म्हणून माझी कॉलर कायम ताठ. एका दुपारी पावती निघेना. पडद्यावर अक्षरं उमटली, 'मागणीच्या आधी मंजुरी, नोंद रद्द.' छावणीत जनावरं सकाळपासून तहानलेली, भरलेला टँकर दारात ठिबकतोय, आणि मी ड्रायव्हरलाच ऐकवतोय, "घड्याळ खोटं बोलत नसतं." तो हसला, "मागितल्याबिगर मंजुरी येती व्हय बे? घड्याळाला काय इचारतो? कशामागून काय आलं ते बघ की." फोन केला, तर माजलगावच्या संगणकातलं घड्याळ चालवणारा बटणाएवढा सेल संपून ते वीस मिनिटं मागं पडलेलं. हातानं पावती लिहून टँकर पळवला, नंतर तिथला तो मेलेला सेल खिशात घालून आणला आणि प्रोग्राममधून वेळच काढून टाकली. प्रत्येक नोंदीला क्रमांक दिला. दुसरीकडची नोंद पोचल्यावर केलेल्या नोंदीला तिच्याहून मोठा, म्हणजे घड्याळ काहीही म्हणो, मंजुरी मागणीच्या मागूनच. पुढं पाऊस पडेपर्यंत एकही टँकर अडला नाही. संघानं केलेल्या सत्काराच्या हारात मी फुगलो असताना ड्रायव्हर कानाशी पुटपुटला, "संगणकाला अक्कल आली, तुझं काय?" आज नोंदींचा क्रम लावायचं हेच काम मोठ्या कंपनीत करतो. "हा सेल टाकू का?" बायकोनं विचारलं. म्हटलं, "राहू दे, लोकांच्या पदव्या भिंतीवर असतात, माझी एवढीच हाय."